आधी तळ बघा, मग इंजिन

फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलजवळच्या एका यार्डात मित्राबरोबर जुनी बोट बघायला गेलो होतो. २४ फुटी सेंटर कन्सोल, ट्रेलरवर चढवलेली, मागे ३०० अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन. मित्र तडक इंजिनापाशी गेला आणि ते किती तास चाललंय याची चौकशी करू लागला. मी वाकून बोटीखाली शिरलो. बोटीची मागची उभी भिंत, म्हणजे ट्रान्सम, जिथे तळाला मिळते तिथे फोन टेकवला आणि त्यातली कोन मोजणारी लेव्हल उघडली. आकडा आला २२ अंश.

"अरे, खाली काय करतोयस?" मित्राने विचारलं.

खोल समुद्रात मासेमारीला जायची बोट घेताना माझ्या मते हाच आकडा सगळ्यात आधी बघावा. इंजिन बदलता येतं, तळ बदलता येत नाही.

सेंटर कन्सोल बोटीत केबिन नसते. मधोमध स्टिअरिंगचा उभा खोका आणि त्याच्या चहूबाजूंनी मोकळी वाट. गळाला मोठा मासा लागला की तो बोटीला प्रदक्षिणा घालतो, तंगूस, म्हणजे गळाची दोरी, इंजिनात अडकू नये म्हणून माणसालाही त्याच्यामागे फिरावं लागतं. ही वाट त्यासाठी. शिवाय लाटांवर बोट सी-सॉसारखी हलते. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, उभं राहिलं तर पोटातलं ढवळून निघतं, मध्याच्या जरा मागे मात्र हेलकावे सगळ्यात कमी. चालवणाऱ्याची जागा तिथे आहे ती उगाच नाही.

आता तळाकडे वळू. मागून पाहिलं तर या बोटींचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो. व्हीची बाजू आडव्या रेषेशी जो कोन करते त्याला डेडराइज म्हणतात. बादलीत पाणी घेऊन हाताचा पंजा सपाट आपटून बघा, मग तोच हात कडेने घाला. पहिल्या वेळी तळहाताला झिणझिण्या येतात, दुसऱ्या वेळी हात अलगद आत जातो. वेगात लाटेवरून सुटून खाली येणाऱ्या बोटीचं नेमकं तेच होतं. पाणी बाजूला सरायला जेवढा जास्त वेळ मिळेल तेवढा धक्का कमी.

याचं गणित बोटींसाठी नव्हे, विमानांसाठी मांडलं गेलं. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांच्या तरंड्यांना पाण्याचा किती मार बसतो, हे विमानशास्त्रज्ञ थिओडोर फॉन कारमान यांनी १९२९ साली काढलं. त्यांच्या सोप्या सूत्रात पाण्याला पहिल्यांदा टेकतानाचा दाब कोनाच्या कोटँजंटच्या प्रमाणात असतो. १२ अंशांचा कोटँजंट ४.७, २४ अंशांचा २.२५. म्हणजे कोन दुप्पट केला की दाब निम्म्याहून कमी. खऱ्या समुद्रात लाट तिरकी असते, बोट कलती असते, त्यामुळे आकडे असे काटेकोर येत नाहीत. पण दिशा हीच, आणि चार तास उभं राहून परतलेल्या कंबरेला ती बरोबर कळते.

फ्लोरिडात हा प्रश्न फार जवळचा आहे. मायामीसमोर गल्फ स्ट्रीम हा उबदार प्रवाह किनाऱ्यापासून काही मैलांवरून उत्तरेकडे वाहतो, कधीकधी ४ नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) आसपास. त्याच्या कडेला मासळी जमते, म्हणून सगळे तिकडेच जातात. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की वारा एकीकडे आणि प्रवाह दुसरीकडे. मग लाटा आखडतात, उंच होतात, त्यांची तोंडं उभी होतात. एरवी ज्या लाटेवर बोट आरामात चढली-उतरली असती, तीच आता भिंतीसारखी समोर येते.

याच पाण्यात व्ही तळाने आपलं नाव काढलं. नौकारचनाकार रेमंड हंट यांनी आखलेल्या खोल व्ही तळाची 'मॉपी' ही बोट १९६० च्या मायामी-नासाऊ शर्यतीत खवळलेल्या समुद्रातून पहिली आली. त्यानंतर खोल समुद्राच्या वेगवान बोटींचा तळच बदलला. आणि मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की त्याच हंट यांनी थोडं आधी अगदी उलट स्वभावाच्या बोटीला हात लावला होता. १९५८ सालची १३ फुटी बॉस्टन व्हेलर. तिचा तळ बोथट आणि बाजूंनी भरलेला, त्यामुळे ती जागेवर उभी असताना पाटासारखी स्थिर. एकाच माणसाने दोन्ही केलं, कारण दोन्ही गुण एका तळात पूर्णपणे बसत नाहीत.

खरेदीला जाणारे इथेच फसतात. खोल व्ही वेगात मऊ चालतो, पण थांबला की डुलतो. आणि मासेमारीच्या दिवसाचा हिशोब मांडा: जाण्यायेण्याचे दोन-तीन तास सोडले तर उरलेला सगळा वेळ बोट वाहत असते किंवा हळूहळू गळ ओढत असते. ज्याला तीस मैल बाहेर जायचंय त्याला २२ ते २४ अंश हवेत. किनाऱ्यालगतच्या खडकांवर दिवस काढणाऱ्याला १८-१९ अंशांत जास्त सुख आहे, वर पेट्रोलही कमी लागतं, कारण तिरक्या तळावर पाण्याचा थोडा जोर बाजूला वाया जातो.

डुलणं कमी करायचा दुसरा मार्ग म्हणजे रुंदी. पाण्याच्या पातळीवरच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बोटीचा कलण्याला विरोध वाढतो. रुंदी २.४ मीटरऐवजी २.६ केली तर साधारण २७ टक्क्यांची वाढ, फक्त वीतभर जागेत. कोकणातला कोळी अरुंद होडीला बाजूने उलांडी बांधतो तेव्हा हेच साधतो: फारसं वजन न वाढवता होडी रुंद करतो. अमेरिकेत मात्र रुंदीला रस्त्याची हद्द आहे. साडेआठ फुटांपेक्षा रुंद बोट ट्रेलरवरून न्यायची तर वेगळा परवाना काढावा लागतो. म्हणून २४-२५ फुटी बोटी पुष्कळदा त्याच रुंदीला येऊन थांबलेल्या दिसतात. आणि वर उंच टी-टॉप, म्हणजे कन्सोलवरचं छप्पर, त्यावर रडार, त्यावर आणखी मचाण चढवलं की मिळवलेली स्थिरता हातची जाते.

आता पाणी आत आल्यावर काय, ते बघू. लाट ट्रान्समवरून आत आली आणि ५ मीटर लांब, २ मीटर रुंद डेकवर २० सेंटिमीटर पाणी साचलं, तर ते होतं २ टन. शिवाय ते पाणी स्वस्थ बसत नाही. बोट जिकडे कलेल तिकडे सगळं धावतं आणि तिला आणखी कलवतं. म्हणून डेक बाहेरच्या पाण्यापेक्षा उंच ठेवतात आणि स्कपर नावाच्या भोकांतून पाणी आपोआप बाहेर जातं. पण किती वेळात? मी कागदावर हिशोब केला. ५ सेंटिमीटर व्यासाची दोन भोकं असतील तर जवळपास १४ मिनिटं. तीच १० सेंटिमीटरची केली तर साडेतीन. व्यास दुप्पट, वेळ चौथाई. पुढची लाट दहा सेकंदांत येणार असते, तेव्हा हा फरक जिवाशी येतो.

१९६१ साली बॉस्टन व्हेलर कंपनीचे रिचर्ड फिशर बोटीत बसून राहिले आणि बोट करवतीने मधोमध कापून घेतली. 'लाइफ' मासिकात ते फोटो छापून आले. अर्ध्या बोटीतही ते तरंगत राहिले, कारण आतबाहेरच्या कवचांमध्ये फोम भरलेला होता. अनेकांना वाटतं की आता सगळ्याच बोटी अशा असतात. तसं नाही. पाण्याने भरल्यावरही तरंगत राहण्याची अमेरिकी तटरक्षक दलाची सक्ती २० फुटांच्या आतल्या बोटींनाच आहे. २४ फुटीत फोम आहे का, किती आहे, हे विचारून घ्यावं लागतं. २००९ च्या फेब्रुवारीअखेर फ्लोरिडाच्या पश्चिमेला, मेक्सिकोच्या आखातात एक २१ फुटी बोट उलटली. अडकलेला नांगर सोडवण्यासाठी दोर मागे बांधून इंजिनाने जोर लावला होता. चौघांपैकी एकच वाचला, उलट्या पण तरंगणाऱ्या तळाला धरून. नांगराचा दोर ट्रान्समला कधीही बांधू नये, हे मी प्रत्येक नव्या माणसाला बोटीत पाय ठेवण्याआधी सांगतो.

इंधनाचं थोडक्यात: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेलं राखीव. दोन इंजिनं असतील तर दोघांचे पेट्रोल फिल्टर आणि बॅटऱ्या वेगळ्या हव्यात, नाहीतर एकच बिघाड दोघांनाही एकदमच बंद पाडतो.

त्या यार्डातल्या बोटीला आम्ही पाण्यात उतरवलं. टाकी काठोकाठ भरून घेतली, जिवंत मासे ठेवायची टाकीही भरली, आणि तिघं जण एकाच वेळी मागच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिलो. अर्ध्या मिनिटात स्कपरमधून पाणी उलटं वर आलं, माझ्या बुटाच्या तळव्यापर्यंत. बोट जुनी, हलक्या टू-स्ट्रोक इंजिनाच्या काळातली. पुढे कुणीतरी तिच्या पाठीवर चांगलंच जड फोर-स्ट्रोक बसवलं होतं. तळाचा कोन उत्तम होता, पण मागचा भाग त्या वजनाने चार बोटं खाली बसला होता, आणि डेकची उंची नेमकी तेवढीच राखलेली होती.

मित्र काही बोलला नाही. पुढच्या शनिवारी दुसरी बोट विकणाऱ्या माणसाला त्याने फोन केला तेव्हा मी शेजारीच होतो. इंजिनाचे तास त्याने विचारलेच नाहीत. "टाकी पूर्ण भरून पाण्यात बघता येईल का? आम्ही चौघं येऊ," एवढंच म्हणाला.