बेचिमो

बेचिमो : कॅनडात फरचा व्यापार करणाऱ्या हडसन बे कंपनीची मालवाहू आगबोट. बांधणी १९१४. कॅनडाच्या आर्क्टिक किनाऱ्यावरील फर-व्यापारात ती सुमारे दहा वर्षे होती. १९३१ साली अलास्काच्या उत्तर किनाऱ्यालगत बर्फात अडकल्याने ती सोडून द्यावी लागली. पुढे ती खलाशांवाचून तरंगत राहिली आणि आज तिचे नाव घेतले जाते ते मुख्यतः त्यामुळेच.

स्वीडनमधील गोटेनबर्गच्या लिंडहोल्मेन गोदीत एका जर्मन कंपनीसाठी ‘ऑंगरमनएल्फ्वेन’ या नावाने ती बांधण्यात आली. सांगाडा पोलादी, लांबी सुमारे ७० मी., नोंदणीकृत टनभार १,३२२ आणि वेग ताशी सुमारे १० सागरी मैल. तिचे एंजिन त्रिप्रसरण पद्धतीचे होते. त्यात बॉयलरची वाफ आधी लहान, मग मध्यम व शेवटी मोठ्या सिलिंडरात प्रसरण पावते. त्यामुळे त्याच कोळशात अधिक काम निघते. वाटेत कोळसा मिळण्याची शाश्वती नसलेल्या मार्गांवर याचे मोल मोठे होते. मात्र ती बर्फ फोडणारी बोट नव्हती, हे तिच्या शेवटाचा विचार करताना विसरता येत नाही.

पहिल्या महायुद्धापर्यंत ती हँबर्ग व स्वीडनदरम्यान मालवाहतूक करीत असे. युद्धानंतर जर्मनीकडून घेतलेल्या नुकसानभरपाईत ती ब्रिटनकडे आली. १९२१ मध्ये हडसन बे कंपनीने ती विकत घेऊन तिचे नाव ‘बेचिमो’ ठेवले. पीठ, चहा, काडतुसे असा माल दूरच्या ठाण्यांवर उतरवायचा आणि पांढऱ्या कोल्ह्यांची व इतर जनावरांची कातडी भरून परतायचे, हे तिचे काम. पश्चिम आर्क्टिकच्या फेरीत व्हँकूव्हरहून बेरिंगची सामुद्रधुनी ओलांडून अलास्काच्या उत्तरेकडील बॅरोच्या टोकाला वळसा घालावा लागे. तिथला किनारा उन्हाळ्यात थोडेच आठवडे मोकळा होतो आणि वारा फिरला की तरता बर्फ पुन्हा किनाऱ्याला भिडतो. एकाच मोसमात हे टोक दोनदा पार करणे हीच या फेरीची खरी कसोटी होती. १८७१ मध्ये याच किनाऱ्यावर देवमाशांची शिकार करणारी ३३ जहाजे अशीच सोडून द्यावी लागली होती.

१ ऑक्टोबर १९३१ रोजी परतीच्या वाटेवर, अंगावर फरचा माल असताना, बॅरोच्या (आताचे उत्किआग्विक) परिसरात बोट बर्फात अडकली. थोडी सुटून ती पुन्हा गोठली. १५ ऑक्टोबरला कंपनीने विमानाने २२ जणांना हलवले. कप्तान जॉन कॉर्नवेल व उरलेले खलाशी, बहुतेक वृत्तांतांनुसार एकूण १५ जण, किनाऱ्यावर लाकडी निवारा बांधून बोटीवर नजर ठेवून राहिले. २४ नोव्हेंबरच्या हिमवादळानंतर पाहिले तर बोट जागेवर नव्हती. ती बुडाली असे त्यांनी धरले; पण काही दिवसांतच सीलच्या एका स्थानिक शिकाऱ्याने ती सुमारे ७२ किमी.वर पाहिल्याची बातमी आणली. खलाशांनी ती गाठली, मौल्यवान फर काढून घेतली आणि हिवाळ्यात ती तगणार नाही असे ठरवून तिचा नाद सोडला.

यानंतरच्या दर्शनांच्या याद्या बऱ्याच फिरतात, पण त्यांचे वजन सारखे नाही. स्कॉटिश वनस्पतिसंग्राहक इझोबेल वायली हचिसन ‘ट्रेडर’ या छोट्या स्कूनरवरून (शिडाच्या जहाजावरून) उत्तरेकडे जात असता बेचिमोवर चढल्या. ही भेट १९३३ च्या उन्हाळ्यातील मानणे त्यांच्या प्रवासक्रमाशी जुळते. काही याद्यांत १९३४ मध्ये स्कूनरवरील प्रवासी बोटीवर चढल्याची नोंद येते. ती याच भेटीची पुनरुक्ती असण्याची शक्यता आहे. १९३९ मध्ये कप्तान ह्यू पोल्सन बोटीवर गेले, पण वाढत्या बर्फामुळे तिला ओढून आणता आले नाही. १९६२ व १९६९ ची दर्शने वारंवार उद्धृत होतात, मात्र ती दुरून पाहिल्याची आहेत. बोटीवर प्रत्यक्ष पाऊल ठेवणाऱ्यांचे १९३० च्या दशकातील वृत्तांत अधिक भरवशाचे धरावेत.

बेचिमो गेल्यानंतर पश्चिम आर्क्टिकच्या पुरवठ्यात कॅनडातून उत्तरेकडे वाहणाऱ्या मॅकेंझी नदीच्या मार्गाचे महत्त्व वाढले. नदीतून आलेला माल समुद्री नौकांवर चढवण्याचे बंदर म्हणून टुक्टोयाक्टुक १९३० च्या दशकात पुढे आले. सप्टेंबर १९३७ मध्ये पूर्वेकडून आलेल्या कंपनीच्या ‘नॅस्कोपी’ या जहाजाने कॅनडाच्या आर्क्टिकमधील बेलट सामुद्रधुनीत पश्चिमेकडच्या ‘अक्लाविक’ या जहाजाची गाठ घेतली आणि दोन्ही बाजूंच्या मालाची तिथेच अदलाबदल झाली.