रेडस्ट्रीक : सायडरच्या एका सफरचंदाची चढउतार

सायडर म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेलं मद्य. त्यासाठी लावलेली सफरचंदं बहुधा खायला घेववत नाहीत. टॅनिन या तुरट द्रव्यामुळे तोंड तुरट होतं, पण त्याच तुरटपणाने आंबवलेल्या रसाला अंग येतं. इंग्लंडच्या हेरफर्डशायरमधलं, तांबड्या पट्ट्यांचं रेडस्ट्रीक हे या घराण्यातलं सर्वांत गाजलेलं नाव.

त्याला प्रतिष्ठा दिली ती हेरफर्डशायरमधल्याच होम लेसी गावच्या लॉर्ड स्कुडामोर यांनी. १६३५ ते १६३९ ते फ्रान्समध्ये राजदूत होते. पुढे इंग्लंडच्या यादवी युद्धात ते राजाच्या बाजूने उतरले, कैद झाले आणि सुटल्यावर आपल्या बागांमध्ये रमले. फ्रेंच वाइनच्या तोडीचं पेय आपल्या मातीत व्हावं, हा त्यांचा ध्यास होता आणि त्यासाठी त्यांनी रेडस्ट्रीक हाती धरलं. १६६४ मध्ये इंग्रज लेखक जॉन एव्हलिन यांनी सायडरवरचे लेख एकत्र छापले, तेव्हा त्यात या सफरचंदाची मुक्तकंठाने स्तुती होती.

या यशात बाटलीचाही वाटा आहे, हे सहसा सांगितलं जात नाही. जहाजबांधणीसाठी लाकूड वाचवायचं म्हणून १६१५ मध्ये काचभट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी आली. कोळशाची आच अधिक कडक, त्यामुळे काच जाड आणि मजबूत होऊ लागली. अशा बाटलीत थोडी साखर घालून बूच मारलं, की सायडर आतच पुन्हा आंबायचा आणि फसफसायचा, तरी बाटली फुटत नसे. शॅम्पेनचा बोलबाला होण्याआधीची ही गोष्ट आहे.

मग शंभरेक वर्षांत झाडं खंगू लागली. खोडांवर कॅंकर, म्हणजे साल कुजवून व्रण पाडणारा रोग, दिसायचा, फळ कमी धरायचं. इंग्रज बागायततज्ज्ञ थॉमस अँड्र्यू नाइट यांनी १७९७ मध्ये कारण मांडलं : कलम म्हणजे मूळ झाडाचाच अंश, तेव्हा मूळ झाड म्हातारं झालं की त्याची सगळी कलमंही म्हातारी होतात. हापूसच्या कलमांवर पिढ्यान्‌पिढ्या बागा उभ्या राहिलेल्या पाहणाऱ्याला हे पटणार नाही, आणि ते खरंही नव्हतं. कलमाच्या काडीतून वय नाही, पण विषाणू मात्र पुढच्या झाडात जातात. तरी याच चुकीच्या समजुतीपायी नाइट यांनी मुद्दाम परागीकरण करून नवे वाण काढले, आणि फळझाडांच्या शास्त्रशुद्ध संकराची वाट त्यातून मोकळी झाली.

आज बागांमध्ये दिसणारं सॉमरसेट रेडस्ट्रीक हा वेगळा वाण आहे; स्कुडामोर यांच्या सफरचंदाशी त्याची गल्लत करू नये.