ट्रेडस्कँशियाची जांभळी पाने आणि मोबाइलचा टॉवर
‘ट्रेडस्कँशियाची पाने जांभळी झाली, की जवळच्या टॉवरचे किरण घरात शिरत आहेत असे समजावे,’ हा संदेश पुण्यातील सोसायट्यांच्या गटांवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. इंग्लंडमधील ट्रेडस्कँट या बागकार पिता-पुत्रांचे नाव मिळालेल्या या वनस्पतीवर किरणांचे प्रयोग खरोखरच झालेले असल्याने तो सहज पटतो. मात्र त्या प्रयोगांत काही निळ्या फुलांच्या संकरित वाणांवर क्ष-किरण किंवा गॅमा किरण सोडले होते आणि त्यामुळे पुंकेसरावरच्या बारीक केसांतील एखादी पेशी निळ्याची गुलाबी होई. हा बदल फुलातला, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारा. पानांशी त्याचा संबंध नाही. मोबाइलच्या लहरींत तर पेशीतील रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जाच नसते.

पाने जांभळी दिसतात ती अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे, आणि ते उन्हात अधिक तयार होते. खात्री करायची असेल तर एकाच जांभळ्या वेलीच्या दोन फांद्या खुडून एक गॅलरीतल्या उन्हात व दुसरी त्याच खोलीच्या सावलीच्या कोपऱ्यात लावावी. टॉवर दोघींपासून जवळपास तितकाच दूर राहील, तरी काही आठवड्यांत सावलीतल्या फांदीची नवी पाने हिरवट येऊ लागतील.