पार्श्वभूमी : अ‍ॅक्सेस पॉइंट कंट्रोलरला का जोडला जात नाही?

स्विचवरून वीज पोहोचलेली आहे, डीएचसीपीकडून (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सेवा) आयपी पत्ताही मिळालेला आहे, तरी छताला लावलेला, वायफाय पुरवणारा अ‍ॅक्सेस पॉइंट कंट्रोलरच्या (अशी सगळी उपकरणं एका जागेवरून सांभाळणाऱ्या यंत्राच्या) यादीत दिसत नाही. मोठ्या कार्यालयांचं वायफाय सांभाळणाऱ्यांची ही नेहमीची डोकेदुखी. सिस्कोच्या उपकरणांपुरतं बोलायचं तर तिची बरीचशी कारणं जुन्या निर्णयांत दडलेली आहेत.

१९९९ च्या ८०२.११बी या वायफाय मानकानंतर बसवलेले अ‍ॅक्सेस पॉइंट स्वयंपूर्ण असत. पन्नास असले तर पासवर्ड बदलायला पन्नास वेळा लॉगिन, आणि चॅनेलची आखणी कागदावर. एअरस्पेस या कंपनीने बहुतेक कारभार कंट्रोलरकडे नेला आणि अ‍ॅक्सेस पॉइंटकडे क्षणाचाही उशीर न चालणारं रेडिओचं काम ठेवलं. २००५ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. अ‍ॅक्सेस पॉइंट आणि कंट्रोलर यांच्यातल्या संवादाचा तिचा एलवॅप हा प्रोटोकॉल (नियमावली) पुढच्या कॅपवॅप या प्रोटोकॉलचा पाया ठरला. कॅपवॅपचं मानक २००९ मध्ये आरएफसी ५४१५ (इंटरनेट मानकांचा क्रमांकित दस्तऐवज) म्हणून प्रसिद्ध झालं. त्यात यूडीपी पोर्टही (डेटाच्या ये-जा करण्याची क्रमांकित दारं) बदलले : १२२२२ आणि १२२२३ ऐवजी नियंत्रणासाठी ५२४६, डेटासाठी ५२४७. फायरवॉलचे नियम तपासताना दोन्ही पोर्ट पाहावेत. नुसता ५२४६ उघडा असेल तर अ‍ॅक्सेस पॉइंट जोडला गेलेला दिसूनही वायफाय वापरणाऱ्या उपकरणांचा डेटा अडकू शकतो.

अ‍ॅक्सेस पॉइंट कंट्रोलरला शोधायला ब्रॉडकास्ट करतो, म्हणजे आपल्या सबनेटमधल्या (नेटवर्कच्या आपल्या भागातल्या) सगळ्यांना हाक मारतो. कंट्रोलर दुसऱ्या सबनेटमध्ये असेल तर ती हाक तिथवर पोहोचत नाही. मग एक तर डीएनएसमध्ये (नावावरून आयपी पत्ता सांगणाऱ्या सेवेत) ‘सिस्को-कॅपवॅप-कंट्रोलर’ हे नाव नोंदवावं लागतं, नाही तर डीएचसीपीचा पर्याय ४३ (पत्त्यासोबत कंट्रोलरचा ठावठिकाणा कळवणारी जागा) भरावा लागतो. पर्याय ४३ मध्ये चुका फार होतात. आधी एफ१ हा ठरलेला कोड, मग पुढच्या पत्त्यांची बाइटमधली लांबी (एका कंट्रोलरला ०४, दोघांना ०८), मग हेक्साडेसिमलमध्ये आयपी पत्ते. दुसरा कंट्रोलर जोडताना पत्ता घातला जातो, लांबी मात्र ०४ च राहते.

कंट्रोलरचा शोध लागल्यावर दोन्ही बाजू एकमेकींचं सर्टिफिकेट (उपकरणाची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) तपासतात. खरी मेख इथे आहे. २००५ च्या मध्यापासून कारखान्यातच बसवल्या जाऊ लागलेल्या या सर्टिफिकेटची मुदत दहा वर्षांची होती. त्यामुळे २०१५ च्या सुमारास धडधाकट अ‍ॅक्सेस पॉइंट रीबूटनंतर परत जोडले जाईनात. चालू जोडणीला मुदतीने काही होत नाही, तपासणी नव्याने जुळताना होते. म्हणून बिघाड वीज गेल्यावरच उघड होई. कंट्रोलरच्या सर्टिफिकेटचंही तेच. मुदतीकडे दुर्लक्ष करण्याची सोय पुढच्या आवृत्त्यांत आली. ती अ‍ॅक्सेस पॉइंटपर्यंतही पोहोचावी लागते, तेव्हा मुदत संपण्याआधीच चालू केलेली बरी.

२०२२ मध्ये याच जातीचं दुसरं संकट आलं. १७००, २७००, ३७०० मालिकांसारख्या जुन्या, आयओएस (सिस्कोची स्वतःची प्रणाली, आयफोनची नव्हे) वापरणाऱ्या अ‍ॅक्सेस पॉइंटच्या सॉफ्टवेअरवरच्या सहीचं सर्टिफिकेट ४ डिसेंबर २०२२ ला संपलं. कंट्रोलरची आवृत्ती बदलली की हे अ‍ॅक्सेस पॉइंट ‘डाउनलोडिंग’वर अडकून बसत. उपाय ऐकायला विचित्र, पण चालणारा : एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ आपोआप जुळवणारी सेवा) बंद करायचं, कंट्रोलरचं घड्याळ त्या तारखेच्या मागे न्यायचं, डाउनलोड पूर्ण होऊ द्यायचं, मग वेळ पूर्ववत करून एनटीपी सुरू करायचं. अ‍ॅक्सेस पॉइंट वेळ कंट्रोलरकडूनच घेतो, म्हणून हे जमतं. मात्र घड्याळ वाटेल तितकं मागे नेऊ नये. ते एखाद्या सर्टिफिकेटच्या आरंभाच्या तारखेआधी गेलं तर ‘अजून वैध नाही’ म्हणून तेही नाकारलं जातं. त्याच कंट्रोलरवर नवे अ‍ॅक्सेस पॉइंट असतील तर त्यांना या काळात रीबूट करू नये.

घड्याळ आणि सर्टिफिकेट ठीक असतील तर देशाचा कोड पाहावा. भारतासाठीच्या बहुतेक मॉडेलच्या नावात ‘डी’ असतो. परदेशातल्या शाखेतून आणलेला अ‍ॅक्सेस पॉइंट इथल्या कंट्रोलरशी नियमनक्षेत्र (ज्या देशांच्या रेडिओ-नियमांसाठी उपकरण बनवलं तो गट) जुळत नसल्याने नाकारला जाऊ शकतो, आणि ते कारण कंट्रोलरच्या लॉगमध्ये स्पष्ट नोंदलेलं असतं.