कोयनेचा तडा आणि पन्नास वर्षांची गणिते

काँक्रीटमध्ये तडा कुठून सुटतो आणि कसा सरकत जातो हे संगणकावर काढायची नवी पद्धत कुणी मांडली, मग ते विद्यापीठ चीनमधले असो, स्पेनमधले असो वा कॅनडातले, की लेखाच्या उत्तरार्धात एक आकृती बहुतेक वेळा भेटतेच. धरणाच्या भिंतीचा उभा छेद. उंची १०३ मीटर, पायाशी रुंदी साधारण ७० मीटर, माथ्याशी १४.८ मीटर. जलाशयाकडची बाजू जवळपास उभी. दुसरी बाजू माथ्यापासून साडेछत्तीस मीटर किंचित उताराने खाली येते आणि तिथे एकदम बाहेर वळून पायापर्यंत तिरकी जाते. हा छेद सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातला, कोयनेच्या धरणाचा. संशोधकाने कोयनानगर पाहिलेले असण्याची गरज नसते. त्याला आकृती लागते, काही आकडे लागतात आणि दहा सेकंदांच्या हादऱ्याची एक नोंद लागते.

याच धरणावर ही वेळ का आली, याची सुरुवात त्या वळणापासून करावी लागते. कोयना हे आपल्या वजनावर उभे राहणारे, रबल काँक्रीटचे (मोठे दगड घालून केलेल्या काँक्रीटचे) धरण. काम १९५४ मध्ये सुरू झाले. मूळ बेत भिंत टप्प्याटप्प्याने उंच करण्याचा होता, पण काम चालू असतानाच ती एकदम पूर्ण उंचीला न्यायचे ठरले. त्या बदलातून हा काहीसा विचित्र छेद आला. स्थिर पाण्याचा दाब पेलायला त्यात काही कमी नव्हते. मात्र वरचा भाग खालच्या मानाने जाड आणि जड राहिला, आणि दोन्हींच्या सांध्यावर कोपरा तयार झाला. १९६२ पासून शिवाजीसागरात पाणी साठू लागले आणि त्यापाठोपाठ परिसरात बारीकसारीक धक्के सुरू झाले.

तोवर दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने जवळजवळ निर्धास्त समजले जाई. तरीही अभियंत्यांनी भूकंप अगदीच वगळला नव्हता. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे भिंतीच्या वजनाच्या पाच टक्के इतका आडवा जोर, माथ्यापासून पायापर्यंत एकाच प्रमाणात, धरला होता. पाण्याच्या धक्क्यासाठी हॅरल्ड वेस्टरगार्ड यांचे १९३३ चे सूत्र जगभर हाताशी होतेच. अमेरिकेतल्या बोल्डर धरणाच्या निमित्ताने त्यांनी दाखवले होते की भूकंपात पाण्याचा काही भाग भिंतीला चिकटल्यासारखाच तिच्याबरोबर हलतो, तेव्हा तेवढे वजन भिंतीच्या वजनात मिळवून हिशेब करावा. या सगळ्या गणितात एक गृहीतक दडलेले होते. भिंत ताठ आहे, जमीन जितकी हलते तितकीच ती सगळीकडे हलते.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ते गृहीतक कोसळले. कोयनानगर आणि आसपासच्या गावांत पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. भूकंपाचे मापन वेगवेगळ्या संस्थांनी ६.३ ते ६.५ च्या आसपास दिले. भूकंप जलाशयामुळे झाला का, हा वाद तेव्हापासून आजवर एक स्वतंत्र शास्त्र होऊन बसला आहे. त्यासाठी कराडला प्रयोगशाळा झाली, खडकात तीन किलोमीटर खोल भोक पाडून झाले. पण त्या वाटेला इथे वळत नाही, आपला विषय भिंत आहे.

भिंत उभी राहिली. पाणी सुटले नाही. मात्र सांडव्याबाहेरच्या कित्येक खंडांवर (भिंत अशा शेजारीशेजारच्या उभ्या भागांची बनलेली असते) दोन्ही अंगांना आडवे तडे दिसले, आणि ते बहुतेक त्या वळणाच्या पातळीजवळच होते. काही ठिकाणी मागच्या बाजूने पाणी झिरपू लागले, म्हणजे भेग आरपार गेली असावी असे मानायला जागा होती. आणखी एक गोष्ट घडली, आणि या सगळ्या कथेत तीच सर्वांत मोलाची. धरणाच्याच गॅलरीत, म्हणजे भिंतीच्या आतल्या वाटेत, बसवलेल्या यंत्राने हादऱ्याचा आलेख उतरवून ठेवला होता. धरणाच्या लांबीच्या दिशेने कमाल त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट, नदीच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या जवळपास निम्मे, उभ्या दिशेने त्याच्या सुमारे एक तृतीयांश.

मोठ्या भूकंपात काँक्रीटच्या धरणाला माथ्याकडे तडा गेल्याचे हे एकमेव उदाहरण नाही. चीनमधले शिनफेंगजियांग धरण १९६२ मध्ये असेच वरच्या भागात तडकले होते, इराणचे सफीदरूद १९९० मध्ये तडकले. पण साधा आकार, तड्याची नोंद आणि भिंतीतच उतरलेला हादऱ्याचा आलेख, हे तिन्ही एकत्र मिळाले ते कोयनेत. म्हणून ते आकडे आधी रुरकी विद्यापीठात अभ्यासले गेले (जय कृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आलेखाचे विश्लेषण १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले) आणि तिथून जगभर गेले.

कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात त्या वेळी योग्य ते हत्यार नुकतेच परजून तयार झाले होते. रचनेचे छोटे छोटे तुकडे कल्पायचे, प्रत्येक तुकड्याचे सोपे समीकरण मांडायचे आणि सगळी समीकरणे एकत्र सोडवायची, ही फायनाइट एलिमेंट पद्धत. ती विमानाच्या पंखांच्या हिशेबातून आली. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा लेख १९५६ चा, आणि पद्धतीला हे नाव रे क्लफ यांनी १९६० मध्ये दिले. गंमत अशी की स्थापत्यात तिचा पहिला मोठा वापरच तडकलेल्या धरणावर झाला. आर्कान्सातल्या नॉरफोर्क धरणाला तापमानामुळे उभी भेग गेली होती. तिच्यासकट भिंतीतले ताण किती, याचा हिशेब क्लफ आणि एड विल्सन यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला केला.

त्याच विद्यापीठात अनिल चोप्रा धरण आणि पाणी यांच्या एकत्र हालचालीवर काम करत होते. पेशावरला जन्म, बनारसला शिक्षण, पुढे बर्कलीचे प्राध्यापक. त्यांनी आणि चक्रबर्ती यांनी १९७३ मध्ये कोयनेवरचा लेख प्रसिद्ध केला. त्यात तडा नव्हताच. भिंत अखंड आणि लवचीक धरून, नोंदलेला हादरा देऊन, ताण कुठे किती येतो एवढेच पाहिले होते. भिंतीचा स्वतःचा डोलण्याचा वेग सेकंदाला साधारण तीन आवर्तने निघाला. हादऱ्यात त्याच वेगाची बरीच शक्ती होती, त्यामुळे माथा पायापेक्षा कितीतरी अधिक झोकांडला आणि त्याचे सगळे बळ वळणावर एकवटले. तिथला ताण काँक्रीटच्या सोसण्यापलीकडे गेलेला दिसला, आणि प्रत्यक्ष तडे तिथेच होते. पाच टक्क्यांच्या जुन्या रिवाजाने हिशेब केला तर त्या जागी काळजीचे काहीच दिसत नसे. धरणाच्या वरच्या भागात कमी ताकदीचे काँक्रीट चालते, ही समजूत या लेखाने मोडीत निघायला हवी होती. ती किती चिवट ठरली तो वेगळा विषय.

खरा गुंता यानंतर सुरू होतो. ताण मर्यादेबाहेर गेला हे कळले, पण पुढे काय? तडा गेला की तिथला ताण संपतो, भार दुसरीकडे सरकतो, भेग उघडते, हादरा उलटला की मिटते, पुन्हा उघडते. हे संगणकाला कसे सांगायचे? १९६० च्या दशकाच्या अखेरीस दोन वाटा निघाल्या होत्या. एक, तुकड्यांच्या सीमेवर भेग खरोखर उघडायची. दुसरी राशीद यांची, १९६८ ची: भेग वेगळी दाखवायचीच नाही, त्या तुकड्याचा ताठपणाच कमी करून टाकायचा. दुसरी सोपी होती, म्हणून ती लोकप्रिय झाली. आणि तिनेच दगा दिला. तुकड्यांची जाळी जितकी बारीक करावी तितका तडा कमी शक्तीत पुढे सरकू लागला. तुकडे अगदी सूक्ष्म केले तर भिंत जवळजवळ फुकटातच तडकायची. उत्तर भिंतीवर नव्हे तर जाळी काढणाऱ्याच्या हातावर अवलंबून राहिले. मला विचाराल तर या क्षेत्राच्या इतिहासातला सर्वांत अस्वस्थ करणारा शोध हाच, कारण तोवर निघालेल्या कित्येक सुबक चित्रांच्या खालची जमीनच त्याने सरकवली.

तोडगा स्वीडनमधल्या लुंड येथून आला. आर्ने हिलरबोर्ग आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये मांडले की काँक्रीट एका क्षणात तुटत नाही, भेगेच्या टोकापुढचा पट्टा हळूहळू सैल होत जातो आणि एक चौरस मीटर भेग पूर्ण उघडायला ठरावीक ऊर्जा लागते. तुकडा लहान असो वा मोठा, ती ऊर्जा तेवढीच खर्च झाली पाहिजे. बाझांत आणि ओ यांनी १९८३ मध्ये हाच विचार राशीद यांच्या वाटेवर बसवला आणि जाळीचा उपद्रव बराच आटोक्यात आला. १९८० मध्ये बर्कलीलाच निवा आणि क्लफ यांनी कोयनेच्या एका खंडाची दीडशेपट लहान प्रतिकृती हलत्या टेबलावर ठेवून पाहिली होती. तिलाही तडा मानेशीच, म्हणजे त्या वळणाजवळच, गेला.

१९९० च्या दशकात मग कोयना ही या विषयाची ठरलेली परीक्षाच झाली. कॅनडात भट्टाचार्जी आणि लेजे यांनी १९९३ मध्ये, बर्कलीला ली आणि फेनव्हिस यांनी १९९८ मध्ये तीच भिंत, तोच हादरा घेऊन आपापली मॉडेल तपासली. ली आणि फेनव्हिस यांच्या मांडणीत तडा गेल्यावर ताठपणा घटतो, पण भेग मिटून दाब आला की तो परत मिळतो. मागे-पुढे झुलणाऱ्या भिंतीसाठी ही गोष्ट कळीची. हे मॉडेल पुढे अबॅकस या सॉफ्टवेअरमध्ये आले, आणि त्याच्या उदाहरणांत कोयनाही आली. तिथून पुढे जगातल्या कुठल्याही एमटेकच्या विद्यार्थ्याला कोयनेची भिंत दुपारभरात तडकवून पाहता येऊ लागली.

परीक्षेचा एक दुसरा प्रकारही आहे, त्यात भूकंप नसतो. जोइया, बाझांत आणि पोल यांनी १९९२ मध्ये विचारले: काँक्रीट ओढ अजिबात सोसत नाही असे धरून आखलेले धरण नेहमी सुरक्षितच असते का? त्यासाठी त्यांनी कोयनेच्या छेदात आधीच एक भेग कल्पिली आणि पाणी माथ्यावरून ओसंडून चढवत नेले. उत्तर ‘नेहमी नाही’ असे आले.

गेल्या पंधरावीस वर्षांतले काम मुख्यतः या दोन परीक्षांवरच उभे आहे. १९९८ मध्ये फ्रांकफोर आणि मारिगो यांनी तडा हा ऊर्जा कमीत कमी करण्याचा प्रश्न म्हणून मांडला. त्यातून फेज-फील्ड पद्धत वाढली. तिच्यात भेग ही रेघ नसून शून्यापासून एकपर्यंत बदलणारा धूसर पट्टा असतो, त्यामुळे ती कुठे वळणार हे आधी सांगावे लागत नाही. जिआन-यिंग वू यांनी २०१७ च्या सुमारास तिला हिलरबोर्गच्या विचाराशी जोडले आणि पट्ट्याच्या रुंदीमुळे उत्तर बदलण्याचा दोष बराच घालवला. तुकड्याच्या आतूनच भेग जाऊ देणारी एक्सएफईएम ही १९९९ ची पद्धतही कोयनेवर अनेकदा चालवली गेली. शेकडो कृत्रिम हादरे देऊन पडझडीची शक्यता काढणे, मशीन लर्निंगने हिशेब झटपट करणे, हे आताचे.

आणि तरीही शंका घ्यायला जागा आहे, बरीच आहे. या लेखांत काँक्रीटची ताणक्षमता २.९ मेगापास्कल, भेगेची ऊर्जा चौरस मीटरला २०० ज्यूलच्या आसपास, पाण्याची खोली ९१.७५ मीटर हे आकडे एकाकडून दुसऱ्याकडे वारशाने आलेले दिसतात. रबल काँक्रीटच्या खऱ्या भिंतीत दगड, थरांचे सांधे, जागोजागी बदलणारी ताकद असते, ती या आकड्यांत नाही. पाया बहुधा पोलादासारखा ताठ धरतात. त्याचा परिणाम म्हणून पायाच्या टोकाशीही तडा उमटतो, आणि लेखक तो एका वाक्यात उरकून पुन्हा मानेकडे वळतात. भिंतीचा डोल किती लवकर शमतो याचे गृहीतक जरा बदलले की तड्याची लांबी बदलते. बहुतेक हिशेबांत भेग मागच्या बाजूने आत शिरते आणि मग खाली वळते. भिंतीच्या पोटात ती खरोखर तशी वळली होती का, हे पृष्ठभागावरच्या रेघांवरून ठरत नाही. शिवाय उत्तर आधीच माहीत असलेल्या परीक्षेत पद्धतीचे दोन-चार आकडे जुळवून घेता येतात. तडा मानेशी आला म्हणून पद्धत सिद्ध झाली असे म्हणणे मला घाईचे वाटते. तो तिथे येतो हे १९७३ च्या अखंड भिंतीच्या गणितानेही सांगितले होते.

आता मागे जाऊन तपासायचीही सोय नाही. भूकंपानंतर भेगा एपॉक्सीने भरल्या, पोलादी केबलींनी भिंत आवळली, आणि मागच्या बाजूला काँक्रीटचे टेकू उभारून ते वळण झाकून टाकले. कदाचित म्हणूनच मोठ्या धरणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये मिलानला सामायिक परीक्षा ठेवली तेव्हा कॅलिफोर्नियातले पाइन फ्लॅट धरण निवडले. ते १९७० च्या दशकात यंत्रांनी मुद्दाम हलवून मोजलेले आहे, त्यामुळे त्याचा डोल नीट माहीत आहे. सर्व गटांना आकार, आकडे आणि हादरा एकच दिला होता. अखंड भिंतीच्या हिशेबात बऱ्यापैकी एकमत झाले, तडा धरल्यावर उत्तरे पांगली. कोण बरोबर हे तिथेही ठरवता येत नाही, कारण पाइन फ्लॅटला भूकंपाने तडा गेलेलाच नाही.