आरए फॅक्टरचा आकडा औषधाचं भवितव्य सांगत नाही

संधिवाताच्या (र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) रुग्णांमध्ये एक समज वर्षानुवर्षं पक्का आहे: रक्तातला आरए फॅक्टर (या आजारात बहुधा वाढलेलं दिसणारं एक प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी) जितका जास्त, तितकं औषध लागू पडणं अवघड, आणि आकडा उतरला की आजार गेला. त्यापायी लोक दर महिन्याला तीच तपासणी करून घेतात आणि घाबरतात.

ही तपासणी मुख्यतः निदानासाठी आहे. काही निरोगी माणसांतही, विशेषतः उतारवयात, ती पॉझिटिव्ह येते. उलट साधारण पाचातल्या एका रुग्णात ती निगेटिव्हच असते. आरए फॅक्टर किंवा अँटी-सीसीपी (या आजारात तपासलं जाणारं दुसरं प्रतिपिंड) जास्त असेल तर सांध्यांची झीज होण्याचा धोका वाढतो, हे खरं. पण म्हणून औषध चालणार नाही, असं नाही. रिटुक्सिमॅब हे या आजारावरचं एक औषध तर अशाच रुग्णांना बहुधा अधिक लागू पडतं.

मग अंदाज कशावरून बांधायचा? पहिल्या तीन महिन्यांवरून. डॉक्टर 28 सांधे दाबून दुखरे आणि सुजलेले किती ते मोजतात, ईएसआर किंवा सीआरपी (शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) पाहतात, रुग्णाला स्वतःला कसं वाटतं तेही विचारतात. तीन महिन्यांत फरक नाही, किंवा सहा महिन्यांत ठरवलेलं लक्ष्य (आजार शांत किंवा अगदी सौम्य होणं) गाठलं नाही, तर उपचार बदलतात. मेथोट्रेक्सेट या नेहमी आधी दिल्या जाणाऱ्या औषधाला मात्र सहा ते बारा आठवडे द्यावेच लागतात. परिणाम दिसत नाही म्हणून दोन आठवड्यांत ते सोडून देणं घाईचं.

धूम्रपानानं औषधांचा परिणाम कमी होतो. उपचार उशिरा सुरू झाले तरी तेच.