घुसळणे

घुसळणे (क्रियापद, नाम घुसळण) : दह्यात पाणी घालून ते रवीने जोरात हलवून लोणी आणि ताक वेगळं करायचं काम.

व्युत्पत्ती : संस्कृतात ह्या कामाला मन्थ् हा धातू आहे, त्यावरून मंथन, मथणे हे शब्द आले, पण घुसळणे त्या घराण्यातलं नाही. भक्कम पुरावा हेमचंद्रांचा. बाराव्या शतकात गुजरातेत त्यांनी प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात मन्थ् च्या जागी घुसल आणि विरोल असे दोन धातू येतात असं सूत्रच दिलंय. आता जागी येतात म्हणजे त्यातून निघाले असं नव्हे, संस्कृतातून नियमाने निघत नाहीत असे लोकांच्या तोंडचे धातूसुद्धा वैयाकरण असेच संस्कृत धातूच्या खाली लावायचे, त्यामुळे घुसल देशी धरणंच जास्त पटतं, आणि व्याकरणात जाण्याआधी तो बराच काळ बोलण्यात रुळलेला असणार. घर्षणाशी नातं जोडायचा मोह होतो खरा, पण घृष् वरून मराठीत रीतसर घासणे आलंय, आणि मग घुसळण्यातला उ आणि ळ कुठून आले हे सुटत नाही. घुसल चं घुसळ होणं मात्र एकदम सरळ, फल चं फळ, काल चा काळ झाला तसंच. विशेष म्हणजे हेमचंद्र गुजरातचे, तरी गुजरातीने वलोववुं ठेवलं, हिंदीने बिलोना, हे दोन्ही विरोलच्या बाजूचे, आणि घुसल सांभाळला तो मराठीने.

ताक हा शब्द तक्र वरून, ह्यात वाद नाही. अमरकोशात पाण्याच्या मापाने नावं दिलीत : पाव हिस्सा पाणी ते तक्र, निम्मं पाणी ते उदश्वित्, बिनपाण्याचं ते मथित. मठ्ठा ह्या मथितवरून आला असं धरलं तर अर्थ पार उलटलाय, कारण आज लग्नाच्या पंगतीत मठ्ठा म्हणून वाढतात ते चांगलंच पातळ असतं.

सीमाभागात : बेळगाव, खानापूर, निपाणी ह्या पट्ट्यात मराठी आणि कन्नड शेजारी-शेजारी नांदतात आणि ह्या कामाचे शब्द दोन वेगळ्या कुळांतले आहेत. कन्नडमध्ये घुसळायला कडे हा धातू, तमिळ कडै त्याचाच भाऊ, म्हणून रवी ती कडगोलु, म्हणजे घुसळायची काठी, आणि ताक म्हणजे मज्जिगे. उडुपीच्या कृष्णमूर्तीच्या हातात हीच कडगोलु आहे. मराठी बोलणारा मात्र इथंही घुसळणेच म्हणतो, फक्त रूप इथलं : “आई ताक घुसळूलाली.”

जुनी पद्धत अशी की डेऱ्यात रवी उभी करायची, ती घुसळखांबाला अडकवायची, दोरीचे वेढे देऊन दोन्ही टोकं आळीपाळीने ओढायची. त्यामुळे रवी एकदा उजवीकडे एकदा डावीकडे फिरते, स्निग्धाच्या थेंबांवरचं पातळ आवरण फाटतं आणि ते एकमेकांना चिकटत जातात. आधी फेस, मग रवाळ कण, मग आवाज बदलतो आणि रवी एकदम हलकी लागते, तेव्हा लोणी आलं समजायचं. थंडीत लोणी धरत नाही म्हणून कोमट पाणी, उन्हाळ्यात ते विरघळतं म्हणून गार पाणी घालतात.

लाक्षणिक अर्थाने विचारांची घुसळण, समाजाची घुसळण असं पेपरात सर्रास येतं. मिक्सरला लावलेलं ताक मात्र बहुतेक जण घुसळत नाहीत, फिरवतात.